घरपट्टी कोण भरतो आणि कोण सोसतो



चालकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही 'घरपट्टी' असे सांगितले. त्यावर एक चालक हसून म्हणाले, "वसंत ऋतूत घरपट्टी?" त्यांचे हसणे वावगे नव्हते. वसंतातल्या व्याख्यानाला लोक काव्य, इतिहास, फार तर देशाचे राजकारण ऐकावे म्हणून येतात. परंतु नव्या वर्षाची घरपट्टीची बिलेही याच दिवसांत निघतात. आज आपण ज्या दिव्यांच्या उजेडात येथवर चालत आलो आणि घरी परतल्यावर ज्या नळाचे पाणी पिणार आहोत, त्यांचा खर्च बराचसा याच बिलातून निघतो. तेव्हा विषय अगदीच अवकाळी आहे असे नाही.

आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. आमचे आयुष्य कारखान्यांच्या दारावरच्या सभांत गेले. जे थोडे कळते ते रात्रशाळेत, वाचनालयात आणि लोकांचे अर्ज लिहिता लिहिता कळले. घरपट्टीचा अभ्यासही आम्ही हौसेने केला नाही. तो एका कोरड्या नळाने करायला लावला.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका औद्योगिक शहरात बावीस खोल्यांची एक चाळ होती. आमच्या संघटनेचे आठदहा सभासद तेथे राहत. ऐन चैत्रात एके सकाळी पालिकेची माणसे आली आणि त्यांनी चाळीचे पाणी तोडले. कारण विचारता उत्तर मिळाले की, चाळीची घरपट्टी चार वर्षे थकली आहे. चाळीतल्या बाया भाड्याच्या पावत्या घेऊन पालिकेच्या कचेरीत गेल्या. आम्ही त्यांच्याबरोबर होतो. एका म्हाताऱ्या बाईंनी पावत्यांचा गठ्ठा कारकुनापुढे ठेवला. "भाऊसाहेब, एक महिना चुकवला नाही. बघा, पावतीवर 'करासहित' लिहिलंय." कारकून भला माणूस होता. त्याने पावत्या पाहिल्या, आपली वही उघडली, आणि म्हणाला, "मावशी, तुमचं खरं आहे. पण या वहीत तुमचं नावच नाही. नाव मालकाचं आहे."

भाडेकरू आणि शहराचा कर यांचे सगळे नाते त्या एका वाक्यात आहे. कर बाईंनी दिला होता. तो भरायचा होता मालकाने, आणि त्याने भरला नाही. शिक्षा मात्र बाईंना झाली. कर भरणारा एक, सोसणारा दुसरा. ही दोन माणसे वेगळी असू शकतात, हे ध्यानात धरले म्हणजे घरपट्टीतल्या न्याय-अन्यायाचा निम्मा उलगडा होतो.

कर बसतो कसा

आपल्याकडची घरपट्टी मूळची विलायती घाटाची आहे. इंग्लंडात १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणासाठी प्रत्येक गावात घरा-जमिनीवर पट्टी बसवली. ती जो तेथे राहतो किंवा जमीन कसतो त्याच्याकडून घेत. पुढे, हे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल त्यावर पट्टी ठरू लागली. मुंबईचा १८८८ चा महापालिका कायदा याच घराण्यातला. वर्षाचे वाजवी भाडे काढावे, दुरुस्तीखर्चासाठी त्यातून दहा टक्के वजा करावे, आणि उरेल ते करयोग्य मूल्य धरावे. महिना १,००० रुपये भाड्याचे घर असेल तर वर्षाचे १२,०००, दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य १०,८००. त्यावर सर्वसाधारण कर, पाणी, मलनिस्सारण, रस्ता, वृक्ष, शिक्षण असे निरनिराळे कर शेकड्याने बसतात. त्यांच्या बेरजेला आपण ढोबळपणे घरपट्टी म्हणतो.

मात्र एका बाबतीत आपला कायदा विलायतेहून वेगळा निघाला. तिकडे बिल राहणाऱ्याच्या नावाने निघे. आपल्याकडे घर भाड्याने दिलेले असेल तर कराची पहिली जबाबदारी मालकावर ठेवली. पालिकेला यात सोय होती. बावीस खोल्यांच्या दारांत फिरण्यापेक्षा एका मालकाला गाठणे सोपे. पण त्या सोयीची किंमत भाडेकरूने दिली. तो पालिकेच्या वहीतून नाहीसा झाला. त्या काळी मतदानाचा हक्कही मालमत्तेशी आणि कराशी बांधलेला होता. मुंबईत १९२२ च्या सुधारणेने तो भाडे भरणाऱ्यांपर्यंत आला, आणि सर्व प्रौढांना मिळाला तो १९४८ च्या निवडणुकीत. मतपेटीपाशी भाडेकरू नागरिक झाला; करवहीत तो अजून पाहुणाच आहे.

गोठलेले भाडे, गोठलेला कर

येथे आम्ही आमच्याच बाजूची एक अडचण सांगतो. न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत भाडेनियंत्रण आले. दुसऱ्या युद्धानंतर १९४७ चा कायदा झाला आणि जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली गेली. हा कायदा नसता तर लाखो कामगार शहराबाहेर फेकले गेले असते. त्याच्या रक्षणासाठी आमच्या आधीच्या पिढीने मोर्चे काढले, आणि त्याचे आम्हाला आजही वाईट वाटत नाही.

परंतु कर भाड्यावर आणि भाडे गोठलेले, मग कर कसा वाढणार? कलकत्ता महापालिकेच्या एका खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भाडे कायद्याने जे प्रमाण भाडे ठरते त्याहून अधिक भाडे धरून करयोग्य मूल्य काढता येणार नाही. दिल्लीच्या एका खटल्यात १९७९ साली तेच तत्त्व आणखी पक्के झाले. कायद्याच्या दृष्टीने ते सरळ होते. ज्या भाड्याची वसुलीच बेकायदा, ते भाडे वाजवी कसे म्हणावे?

परिणाम मात्र विचित्र झाला. एकाच गल्लीत १९३५ ची चाळ आणि १९८५ ची सोसायटी शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. नळ तोच, गटार तेच, कचऱ्याची गाडी तीच. पण सोसायटीतला कारकून कर्ज काढून घेतलेल्या दोन खोल्यांसाठी चाळीतल्या तेवढ्याच जागेच्या कितीतरी पट कर भरू लागला. घरमालक म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो तो पुष्कळदा असा पगारदार माणूस असतो, हे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो. इकडे चाळीच्या मालकाने भाडे परवडत नाही म्हणून डागडुजी सोडली. जिने कोसळू लागले तेव्हा १९६९ साली मुंबईत दुरुस्ती मंडळ आले, १९,६४२ जुन्या इमारती उपकराखाली आल्या, आणि तो उपकर घरपट्टीच्याच बिलातून गोळा होऊ लागला. गोठलेल्या भाडेपातळीला पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अवाजवी ठरवले, आणि ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली.

तात्पर्य, भाडेकरूला संरक्षण हवे. पण ते भाडे कायद्याने द्यावे. कराचे माप त्यासाठी वाकवले की शहराच्या तिजोरीला भोक पडते आणि ते नव्या घरवाल्याच्या खिशातून बुजवावे लागते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? त्यातून आता जकातही उरली नाही. राज्यातल्या इतर महापालिकांत जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला, आणि मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा करात गेली. तिच्यापोटी सरकारकडून भरपाई येते, पण ती दुसऱ्याच्या हातून येते. स्वतःच्या हातचा मोठा कर म्हणून पालिकेकडे मुख्यतः घरपट्टीच उरली आहे.

भाड्याऐवजी घर मोजणे

या पेचातून सुटण्यासाठी शहरांनी भाड्याचा नाद सोडून घरच मोजायला घेतले. पाटण्याने १९९३ साली क्षेत्रफळ, रस्ता, बांधकाम आणि वापर यांवर कर बसवला. दिल्लीने २००४ पासून वसाहतींचे आठ वर्ग पाडून क्षेत्रफळाला दर लावला. मुंबईने १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत घेतली. त्या विभागाचा सरकारी जमीन-दर, चटईक्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांचा गुणाकार करून घराची किंमत काढायची आणि तिच्यावर कर घ्यायचा. या पद्धतीलाही लगाम लागला. जागेवर पुढे किती मजले चढवता येतील ते धरून आज कर मागता येणार नाही, हा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कायम केला.

मोजमाप नुसते क्षेत्रफळाचे असूनही भागत नाही. अहमदाबादच्या गिरण्यांवर पालिकेने सरसकट फूटमापाने कर बसवला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केला. केरळातला सरसकट क्षेत्रफळावरचा इमारत-कर त्यापुढे दोनच वर्षांत गेला. भर बाजारातले हजार फूट आणि गावकुसाबाहेरचे हजार फूट एकाच काट्याने तोलणे ही समता नव्हे.

असे असले तरी घर मोजण्याची पद्धत आम्हाला भाड्याच्या पद्धतीपेक्षा बरी वाटते. तिच्यात निरीक्षकाच्या मर्जीला वाव कमी राहतो, आणि शाळेत गुणाकार शिकलेला कोणीही आपला कर स्वतः पडताळून पाहू शकतो. ज्या कराचा हिशेब भरणाऱ्याला करता येत नाही, त्यात चिरीमिरीला जागा असते.

सवलत कोणाच्या नावाची

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पुण्याच्या महापालिकेने १९७० साली ठराव केला की, मालक स्वतः राहत असेल तर करयोग्य मूल्यात ४० टक्के सूट द्यावी. लेखापरीक्षणात आक्षेप निघून राज्य सरकारने २०१९ साली ती थांबवली. मोठी ओरड झाली आणि २०२३ साली ती परत मिळाली. स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून अर्ज करायचा, की सूट. आमच्या मघाच्या उदाहरणात १०,८०० वर कर बसत होता. मालक स्वतः राहिला तर तो ६,४८० वर बसेल. तेच घर भाड्याने गेले तर पुरा १०,८०० वर. बंगळुरूने २००८ साली हाच भेद दरातच घातला. सर्वांत महाग विभागात भाड्याच्या घराला चौरस फुटामागे पाच रुपये, मालक राहत असेल तर अडीच.

सवलतीमागचा विचार आम्हाला समजतो. स्वतः राहणाऱ्याला घरापासून रोख उत्पन्न नाही, भाडे खाणाऱ्याला आहे. पण भाड्याच्या उत्पन्नावर मालक आयकर देतो. घरपट्टी हा उत्पन्नावरचा कर नव्हे. ती रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांच्यासाठी आहे. भाड्याच्या घरातले कुटुंब दुप्पट पाणी पीत नाही की दुप्पट कचरा करीत नाही.

शिवाय त्या जादा कराचा भार कोणावर पडतो? अर्थशास्त्राच्या पुस्तकांत याचे उत्तर 'परिस्थितीप्रमाणे' असे मिळते, आणि ते खरे आहे. पागडीच्या जुन्या खोलीत भाडे कायद्याने बांधलेले. तरी कराची वाढ भाडेकरूकडून घेण्याची वाट त्या कायद्याने मालकाला ठेवली आहे. अकरा महिन्यांच्या कराराच्या घरात भाडे बाजार ठरवतो. तेथे वाढलेला कर त्याच महिन्यात भाड्यावर चढणार नाही, पण करार नवा होताना मालक तो हिशेबात घेतो. आणि घरांची टंचाई जितकी मोठी तितका तो भाडेकरूवर ढकलणे सोपे. उलट कर कमी झाला तर? मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. लहान घराला सूट हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. पण अशा घरात भाड्याने राहणाऱ्यांपैकी किती जणांचे भाडे त्या महिन्यात उतरले, हे ज्याचे त्याने आठवावे. वाढ उतरणीच्या पाण्यासारखी खाली येते. सूट मात्र वरच्या मजल्यावरच मुक्काम करते.

त्या माफीत दुसराही एक दोष आहे. रेषा एकदम तुटते. ५०० फुटांच्या घराला शून्य, आणि थोड्या मोठ्या घराला सगळ्याच फुटांवर कर. मलबार हिलवरचे ४९० फुटांचे घर सुटले आणि दहिसरच्या टोकाला सहा माणसे राहतात ते ५२० फुटांचे घर सापडले, याला गरिबांची दया म्हणता येणार नाही.

विलायतेतला धडा

कोणी म्हणेल, मग सरळ भाडेकरूच्याच नावाने बिल काढा. या वाटेने गेलेल्यांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. इंग्लंडात घरभाड्यावरची जुनी पट्टी मोडून मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने माणशी कर आणला; स्कॉटलंडात १९८९ साली, इंग्लंड-वेल्समध्ये १९९० साली. एका गावात प्रत्येक प्रौढाला सारखा कर. हवेलीतला धनी आणि दोन खोल्यांतला फिटर एकाच आकड्यावर. अगदी गरिबालाही निदान पाचवा हिस्सा भरणे भाग होते. लाखो लोकांनी भरणे नाकारले. ३१ मार्च १९९० रोजी लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला आणि दंगल झाली. त्याच नोव्हेंबरात थॅचर पायउतार झाल्या. त्याला कारणे अनेक होती. हा कर त्यांतले एक मोठे.

१९९३ साली त्या जागी आलेला कर पुन्हा घरावर आहे आणि बहुधा राहणाराच, म्हणजे भाडेकरूच, तो भरतो. यात एक चांगले झाले. आपण शहराला किती देतो हे भाडेकरूला कळते, आणि नगरपालिकेला जाब विचारताना त्याच्या हातात स्वतःच्या नावाचे बिल असते. पण वाईटही आहे. इंग्लंडात घरांचे आठ वर्ग केले ते १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर, आणि ते अजून तेच आहेत. तळचा वर्ग ४०,००० पौंडांपर्यंतचा, वरचा ३,२०,००० पौंडांच्या पुढचा. किमतीत निदान आठपटीचे अंतर, करात फक्त तिपटीचे. बिल कोणाच्या नावाने निघते एवढ्याने न्याय होत नाही. माप खरे हवे आणि ते वेळोवेळी तपासले गेले पाहिजे.

मग करावे काय

आमच्या मते पाच गोष्टी कराव्यात.

पहिली, कर घर पाहून बसवावा, राहणारा पाहून नव्हे. जागा, क्षेत्रफळ, बांधकाम, वय आणि वापर एक असेल तर मालकाच्या आणि भाडेकरूच्या घराला दर एकच.

दुसरी, सूट सर्वांना खालून द्यावी. समजा, प्रत्येक राहत्या घराचे पहिले ३०० फूट माफ केले. ३१० फुटांच्या घराला दहा फुटांचाच कर लागेल आणि रेषेवरून कोणी कोसळणार नाही. तिजोरीची तूट मोठ्या घरांच्या चढत्या दरातून भरावी.

तिसरी, भाड्याच्या पावतीवर आणि करारात कराचा आकडा वेगळा लिहिणे मालकावर बंधनकारक करावे. 'करासहित' हा शब्द भाडेकरूला आंधळा ठेवतो. आकडा लिहिलेला असेल तर वाढ किती आणि सूट किती हे दोघांना दिसेल, आणि सुटीचा वाटा मागता येईल.

चौथी, मालकाच्या थकबाकीसाठी भाडेकरूचे पाणी तोडू नये. थकबाकीची नोटीस प्रत्येक बिऱ्हाडाला द्यावी आणि भाडे थेट पालिकेत भरण्याची सोय करावी.

पाचवी गोष्ट घरमालकासाठी आहे. निवृत्त शिक्षकाने चाळीस वर्षांपूर्वी गावाबाहेर बांधलेले घर आज शहराच्या मध्यात आले. किंमत वाढली, पेन्शन वाढले नाही. अशाचा कर माफ करू नये. पण घर विकले जाईपर्यंत किंवा वारसांच्या नावे होईपर्यंत तो साध्या व्याजाने घरावर बोजा म्हणून ठेवावा. म्हातारपणी घर सोडण्याची पाळी येऊ नये, आणि शहराचेही बुडू नये.

यांतल्या एकाही गोष्टीला क्रांती लागत नाही. चौथीचा पाया तर कायद्यात पूर्वीपासून आहे. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याप्रमाणे मालकाने कर थकवला तर भोगवटादाराकडे त्याच्या वाट्याची रक्कम मागता येते, आणि त्याने भरलेली रक्कम त्याला भाड्यातून वळती करून घेता येते. तसलीच तरतूद त्या शहराच्या नियमांतही होती.

ती आम्हाला कोणी दाखवली? त्याच कारकुनाने. मावशींना 'वहीत नाव नाही' म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग कपाटातून नियमांचे पुस्तक काढून त्याने बोट ठेवले आणि आम्हाला म्हणाला, "अर्ज असा लिहा." अर्ज लिहिला, बावीस सह्या झाल्या, त्यांत चौदा अंगठे. नवव्या दिवशी पाणी आले. पुढचे सात महिने चाळीचे भाडे मालकाऐवजी पालिकेत जमा झाले. पावत्या पालिकेच्या होत्या, आणि त्यांच्यावर भरणाऱ्याचे नाव होते. मावशींनी आपली पहिली पावती आमच्याकडून दोनदा वाचून घेतली, आणि मग देवघरात नव्हे, तर रेशनकार्डाच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवली.